बकुळा काही खात नाही

"बकुळाला काय काय खावं लागतं, ते आधी सांगा," आई म्हणाली.

घाटगे सर आमच्या सोप्यात खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकासाठी ते मला मागायला आले होते. तालमीला उशीर होणार का, मुलगे किती आहेत, पोरगी घरी कोण पोचवणार, असल्या प्रश्नांची उत्तरं ते घोकून आले असावेत. हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता.

"खायला?" ते हसले. "काहीच नाही वहिनी. तीच तर गंमत आहे. सगळं बत्तासनगर खातं, पण बकुळा काही खात नाही."

"एक घाससुद्धा?"

"एक कणसुद्धा नाही. तिने खाल्लं की गोष्टच संपली."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते आणि मनात सगळ्या तीर्थंकरांना एका दमात हाका मारत होते.

"मग करू दे," आई म्हणाली, आणि सरांच्या कपात आणखी चहा ओतला.

ही गोष्ट जयसिंगपूरची, मी सहावीत होते तेव्हाची. त्याच्या आदल्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरांनी मला साखरेचा आजार असल्याचं सांगितलं होतं. माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात कामाला होते. साखर कारखान्यातल्या माणसाच्या पोरीला साखर झाली, ही बातमी गावाला वर्षभर हसायला पुरली असती. पण गावाला ती कळलीच नाही. आईने कळू दिली नाही.

इन्शुलिनची बाटली आमच्याकडे माठाशेजारी ओल्या वाळूच्या मडक्यात असायची, वर झाकण आणि झाकणावर लिंबं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं लिंबंच ठेवली आहेत. काचेची सिरिंज आई दार लावून उकळायची. "पोरीची जात हाय," ती अण्णांना म्हणायची, "उद्या कोण करून घेईल हिला?" मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मला कुणी करून घ्यावं अशी माझी काही घाई नव्हती. आईला मात्र होती.

लोकांना सांगायला काहीतरी हवं, म्हणून आईने मला जंत दिले. "हिला जंत होतात. गोडाचा कण देऊ नका, रात्रभर पोट धरून रडते." हे तिने शेजाऱ्यांना सांगितलं, आत्याला सांगितलं, वर्गात येऊन बाईंना सांगितलं. त्यानंतर वर्गात माझं नाव पद्मजा मगदूम राहिलं नाही. जंतू मगदूम झालं. मी चिडायची, पण आई म्हणायची, जंत परवडले.

त्या काळात माझं गोड म्हणजे एक पुस्तक होतं. 'बत्तासनगर'. माझ्या पिढीच्या पोरांनी ते वाचलेलं नाही असं सहसा व्हायचं नाही. बर्फीच्या पायऱ्या, बासुंदीचा ओढा, जिलेबीच्या जाळ्यांच्या खिडक्या, आणि पहाऱ्यावर म्हैसूरपाकाच्या ढाली घेतलेले शिपाई. हरवलेल्या भावाला शोधायला बकुळा या नगरात शिरते. तिथलं जो खातो, त्याला घराची वाट आठवत नाही. भाऊ खाऊन बसलेला असतो. मग बकुळा सगळं नगर उपाशीपोटी पार करते, आणि शेवटी बत्तासराजा सोन्याच्या ताटात पेढा पुढे करतो तेव्हा म्हणते, "नको महाराज. मला घरी जायचंय."

पूर्वी मी ते पुस्तक बासुंदीच्या ओढ्यासाठी वाचायची. आजारानंतर बकुळासाठी वाचायला लागले. माझ्यासारखी दुसरी कुणी आहे, आणि तिच्या न खाण्याचं कुणी एवढं कौतुक केलंय, हे मला कुठे सापडणार होतं? मला ते सगळं पाठ झालं होतं.

त्याची रेडिओवर श्रुतिका झाली होती. पुढे सिनेमाही निघाला. आमच्या गावात तो लागला तेव्हा सगळा वर्ग गेला आणि भांडत परत आला. सिनेमावाल्यांनी बकुळेचा राजपुत्र केला होता, आणि शेवटी तो राजपुत्र राजाला हरवून अख्खं नगर खाऊन टाकत होता. पोरं खूश होती. मी रडले. घाटगे सरांनाही तो शेवट पटला नव्हता. "मी पुस्तकातलाच शेवट करणार," ते म्हणाले, आणि पुस्तक पाठ असलेली पोरगी म्हणून मला निवडलं.

राजाचं काम मुमताज शिकलगारकडे आलं. ती माझ्या बाकावर बसायची, अंगापिंडाने थोराड होती आणि आवाज असा की मिशा लावायची गरज नव्हती. सरांनी तरी लावल्याच. नाटकातली मिठाई खरी असणार होती, पेठेतल्या मिठाईवाल्याचा मुलगा आमच्याच वर्गात होता ना. तालमीला मात्र आम्ही हातात खडू घेऊन मिठाई खायचा अभिनय करायचो.

खरी मिठाई येणार हे कळल्यावर आई एक दिवस तालमीलाच येऊन धडकली. पोरांना गोल बसवून म्हणाली, "आमच्या पद्माला कुणीही काही द्यायचं न्हाई. ती मागेल, रडेल, हातापाया पडेल. तरी द्यायचं न्हाई. घ्या शपथ."

सगळ्यांनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. मुमताजने जरा जास्तच मोठ्याने घेतली. "काकू, माझा जीव गेला तरी देणार न्हाई!"

गॅदरिंग डिसेंबरात होतं. नाटक संध्याकाळी साडेसहाला. आम्ही जैन, आमच्या घरात दिवस मावळल्यावर चूल पेटत नसे आणि कुणाच्या तोंडात घास जात नसे. म्हणून आईने पाचच्या सुमाराला मला इंजेक्शन दिलं, भाकरी आणि वांग्याच्या भाजीचा डबा हातात दिला आणि चार वेळा बजावलं, "शाळेत गेल्या गेल्या खायचं. दिवस मावळायच्या आत. कळलं? दिवस मावळायच्या आत!"

मी मान डोलावली. शाळेत पोचले तर सांगलीहून रंग लावायला आलेले बुवा दारातच उभे. "बकुळा कोण? चल बस, पहिलं तुझं तोंड." त्यांनी माझ्या तोंडाला काय काय फासलं आणि दम दिला की वाळेपर्यंत ओठ हलवायचा नाही. वाळल्यावर वेणी. वेणीनंतर परकर सैल होता म्हणून पिना. डबा उघडायला मी मागच्या व्हरांड्यात आले, तर मैदानापलीकडच्या टाकीमागे सूर्य गेला होता. लालीही उरली नव्हती. कुणीतरी बल्ब लावला.

मी डब्याचं झाकण परत लावलं. मला त्यात अवघड असं काहीच वाटलं नाही. आईने चार वेळा जे सांगितलं होतं, ते मी अगदी तंतोतंत पाळत होते. शिवाय बकुळा तरी कुठे खाते?

इंजेक्शननंतर जेवलं नाही तर काय होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. घरी दोनदा झालं होतं. पण दोन्ही वेळा आईने माझ्या आधी ओळखलं होतं आणि साखर घातलेलं पाणी पाजलं होतं. साखरेची पुडी जवळ ठेव, असं तिने मला कधी शिकवलं नाही. पोरीच्या दप्तरात साखर सापडली तर जंतांचं काय सांगायचं?

नाटक झकास सुरू झालं. जिलेबीच्या जाळ्या कापल्या गेल्या, शिपाई आपल्याच ढाली चाटत होते, प्रेक्षक हसत होते. पुढे पाहुणे आणि शाळेच्या कमिटीची मंडळी खुर्च्यांवर, मागे सतरंज्यांवर बाया. आई तिथेच कुठेतरी होती. दुसऱ्या अंकात मला घाम फुटला. थंडीत समोर पोरं शालीत गुंडाळून बसली होती आणि माझ्या तोंडावरचा रंग ओघळून मानेत चालला होता. मला वाटलं दिव्यांनी होतंय. मग हात कापायला लागले. मग एक वाक्य विसरले, आणि मला ते पुस्तक पाठ होतं.

राजाच्या दरबारात शिरले तेव्हा मला राग आला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. मुमताज सिंहासनावरून उठली, ताट पुढे केलं आणि गरजली, "ये बकुळे! हा पेढा खा आणि कायमची आमची हो!"

ताटात पेढे होते. पिवळे, वर वेलदोड्याचे दाणे. मला बाकी काहीच दिसत नव्हतं, फक्त ते पेढे. मी हात घातला.

मुमताजने ताट झटकन मागे ओढलं. "अगं, नको म्हण की," ती मिशीतून कुजबुजली.

मी परत हात घातला. तिने ताट डोक्यावर धरलं. मी उडी मारली. प्रेक्षकांत हशा पिकला.

"दे," मी म्हणाले. माझी जीभ जड झाली होती. "दे मला."

"न्हाई देणार!" आता तिला कुजबुजायचंही भान राहिलं नव्हतं. "तुझ्या आईनं शपथ घातलीया! तुला जंत हायत!"

मैदान हसून लोळायला लागलं. मी मुमताजच्या अंगावर धावून गेले, तिचा झगा धरला, आणि तिथेच गुडघ्यांवर बसले. तिने ताट दोन्ही हातांनी आणखी उंच केलं. माझ्या आयुष्यात माझ्याशी इतकं इमानदार माणूस पुन्हा कुणी भेटलेलं नाही.

त्या हशातून एक आवाज आला.

"दे तिला! मुमताज, दे! पेढा दे तिला!"

पुढचं मला अर्धवट आठवतं, बाकीचं मुमताजने नंतर शंभर वेळा सांगितलं. आई सतरंजीवरून उठून माणसांवरून, पोरांवरून, अक्षरशः ज्याच्या त्याच्या मांडीवर पाय देत धावत आली. मुमताज गोंधळली. तिला वाटलं, काकू परीक्षा घेतायत. ती म्हणाली, "न्हाई काकू, मी देणार न्हाई!"

"अगं दे! तिची साखर उतरलीया! तिला डायबेटिस हाय!"

हसणं थांबलं. पुढच्या खुर्चीवरचे कमिटीचे एक गृहस्थ उठून आईच्या आडवे आले. "अहो बाई, डायबेटिसवाल्याला पेढा? पोरीला मारताय काय?"

"कमी झाली की साखरच लागते! सरका!" आई म्हणाली आणि तिने त्यांना सरकायला वेळ दिला नाही. ते मागच्या खुर्चीवर आदळून खुर्चीसकट बाजूला झाले.

मला कळायला लागलं तेव्हा तोंडभर गोड होतं. वर्षभरात मी पेढा खाल्ला नव्हता, आणि खरं सांगते, त्याची चव मला कळलीसुद्धा नाही. मी रंगमंचाच्या मधोमध आईच्या मांडीवर होते. दिवे तसेच लागलेले. आईच्या हाताला पेढा चिकटला होता. बाहेर चांगला अंधार पडला होता, आणि दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही न घेणारी माझी आई सगळ्या गावासमोर मला घास भरवत होती.

"डबा खाल्लीस न्हाई?" तिने विचारलं.

"दिवस मावळला होता."

तिचे डोळे भरून आले. "अगं माझ्या बाई," ती म्हणाली, "देवाचं मी बघितलं असतं. तू खायचंस."

घाटगे सर विंगेतून आले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. "वहिनी, पडदा पाडतो. तुम्ही हिला घरी घेऊन जा. मी माणूस देतो बरोबर."

"पडदा पाडा," आई म्हणाली. "पण घरी कशाला? शेवट राहिलाय न्हवं?"

"अहो, पण ही अशी..."

"बरी हाय ती आता. भाकरी खाऊ दे, मग उघडा."

पडद्यामागे मी भाकरी खाल्ली. भोवती सगळं बत्तासनगर उकिडवं बसून माझ्याकडे बघत होतं. मुमताज रडत होती, तिची एक मिशी गालावर आली होती. "मला म्हाईत न्हवतं ओ काकू," ती म्हणत होती. "मी मारलं असतं तिला."

आईने तिची मिशी सरळ केली. "तुझी काय चूक? मी जे सांगितलं ते तू केलंस. खोटं मी सांगितलं." मग भोवतालच्या पोरांकडे बघून म्हणाली, "हिला जंतबिंत काही न्हाई. ती हसायची गोष्ट बंद. हिला घाम आला, हात कापले, ही वेड्यासारखं बोलायला लागली, की पहिली साखर तोंडात घालायची आणि मग मला बोलवायचं. घ्या शपथ."

बत्तासनगराने पुन्हा गळ्याला चिमटे घेतले.

पडदा उघडला. मुमताजने ताट पुढे केलं, या वेळी जरा बेतानेच, आणि म्हणाली, "हा पेढा खा आणि कायमची आमची हो!"

माझ्या हनुवटीला अजून पेढ्याचा चुरा होता. मी तो हाताने पुसला आणि म्हणाले, "नको महाराज. मला घरी जायचंय."

मागच्या सतरंज्यांवरून कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं मैदान हसलं, आणि हसता हसता टाळ्या वाजवायला लागलं. इतक्या टाळ्या त्या शाळेत नंतरही कुणाला मिळाल्याचं मी ऐकलं नाही. मला मात्र टाळ्यांचं सुख झालं नाही. मी बायांत आईला शोधत होते. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया वाकून तिच्याकडेच बघत होत्या.

मग आई मला घेऊन घरी आली. दारात अण्णांना फक्त एवढं म्हणाली, "झालं. गावाला कळलं."

आणि गाव यायला लागलं. कुणी कारल्याचा रस घेऊन, कुणी मेथी, कुणी जांभळाच्या बियांची पूड. आत्या सांगलीहून आली ती पदर डोळ्याला लावूनच. "आता हिचं कसं व्हायचं गं?" असं तिने इतक्या वेळा विचारलं की अण्णा उठून कारखान्यात गेले, त्यांची त्या दिवशी सुट्टी असताना. आई सगळ्यांना चहा देत होती, पूड ठेवून घेत होती आणि गप्प होती. ती गप्प असली की मला धास्ती वाटायची. मी नाटकात काम केलं नसतं तर हे कुणालाच कळलं नसतं, हे तिच्या मनात येत असेल, असं मला वाटत राहायचं. विचारायचं धाडस नव्हतं.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, आई भाकरी थापत होती आणि मी तिच्यासमोर शेंगा सोलत बसले होते. परसदाराची कडी हळूच वाजली. दारात चपला काढून एक बाई उभी होती, आमच्या ओळखीची नव्हे. पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिच्या पायांमागे स्वेटर घातलेली एक किडकिडीत पोरगी उभी होती, पाच-सहा वर्षांची.

"तुम्हीच न्हवं त्या?" बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "गॅदरिंगात पेढा भरवलेल्या?"

"व्हय," आई म्हणाली.

"येताना कुणी बघितलं न्हाई मला. बोळातनं आलो." तिने मागे वळून पाहिलं. "हिलाबी हाय. श्रावणापासनं सुई देतोय. मी आन् हिचा बाप, दोघांनाच ठावं. सासूबाईला सांगितलंय, पोरीच्या अंगात उष्णता हाय." तिने पोरीला जवळ ओढलं. "परवा रातीला अशीच घामाघूम झाली. मला काय करायचं कळंना. मी पाणी मारत बसलो तोंडावर. तुम्ही त्या दिवशी... तुम्हाला ठावं हाय न्हवं, काय करायचं?"

आईच्या हातात भाकरीचा उंडा तसाच होता. तिने त्या पोरीकडे पाहिलं. मग बाईकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या पदराकडे. मग तिने उंडा परातीत ठेवला, हात धुतले, पदराला पुसले आणि उठली.

"चपला घाला," ती बाईला म्हणाली.

बाईचं तोंड उतरलं. तिला वाटलं, घालवतायत. "न्हाई, मी आपली अशीच... जातो मी."

"जाऊ नका. चपला घाला आणि पुढनं या."

"अवो, पुढं गल्ली हाय! माणसं बसल्यात कट्ट्यावर."

"बसू देत की."

आई स्वतः परसात उतरली. तिने त्या पोरीचा हात धरला आणि ती बोळातून निघाली, बाई तिच्या मागून, पदर सावरत. मी शेंगांची टोपली तशीच घेऊन घरातून पळत पुढच्या दाराशी गेले आणि दोन्ही फळ्या उघडल्या. कट्ट्यावरचं बोलणं थांबलं होतं. आई भर उन्हात गल्लीच्या मधून, सावकाश, त्या पोरीच्या पावलांनी चालत येत होती. समोरच्या बायांनी माना उंच केल्या. आईने त्यांना मान हलवून ओळख दिली.

उंबऱ्याशी आल्यावर तिने पोरीला उचलून आत घेतलं, आणि कट्ट्याच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "पद्मा, हिला शेंगा दे. तुला चालतात म्हणजे हिलाही चालतील."